छोट्या बेटावरचे अनुदान: मंजुरीनंतर सुरू होणारा हिशेब

स्कॉटलंडच्या किनाऱ्याभोवती शेकडो बेटे आहेत आणि २०११च्या जनगणनेत त्यांपैकी ९३ बेटांवर वस्ती आढळली होती. या सर्वांवर मिळून लाखभर माणसे राहतात. पण शेटलंड, ऑर्कनी, लुईस-हॅरिस आणि स्काय अशी मोठी नावे बाजूला ठेवली, तर उरलेल्या कित्येक बेटांवर शंभर माणसेही नाहीत. अशा ठिकाणी गावाचे सभागृह गळू लागले किंवा बेटावरचे एकमेव दुकान बंद पडायला आले, तर ते सावरायला कोणी व्यापारी पुढे येत नाही, कारण गिऱ्हाईकच मोजके असते. स्थानिक प्रशासनाचे कार्यालय बहुधा समुद्रापलीकडे असते आणि त्याच्या यादीत रस्ते, शाळा व बोटींचे धक्के आधी येतात. यांपैकी कोणाच्याच वाट्याला न येणारी कामे बहुतांशी धर्मादाय अनुदानांच्या बळावर उभी राहतात.

मंजुरीचे पत्र हाती पडले की काम फत्ते झाले, असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. छोट्या बेटावर मात्र खरा प्रश्न त्या पत्रानंतर सुरू होतो: अनुदानातून उभे राहिलेले काम पुढची वीस वर्षे कोण चालवणार आणि कशाच्या जोरावर? अनुदान चांगले की वाईट हे रकमेवरून ठरवण्यापेक्षा याच प्रश्नाच्या उत्तरावरून ठरवावे, असे मला वाटते. त्यासाठी आधी हा पैसा कसा चालतो, हे नीट समजून घ्यायला हवे.

अनुदान म्हणजे परतफेड न करण्याच्या बोलीवर, पण ठरावीक कामासाठीच दिलेला पैसा. कर्जाप्रमाणे तो फेडायचा नसतो. मात्र देणगीसारखा हवा तसा वापरताही येत नाही. तो घेणारा कोणीतरी कायद्याने ओळखता येण्याजोगा असावा लागतो, म्हणून पाच-दहा शेजारी एकत्र येऊन ‘आम्ही सभागृह दुरुस्त करतो’ म्हणाले, तरी मोठी रक्कम त्यांच्या हाती सहसा दिली जात नाही. स्कॉटलंडमध्ये धर्मादाय संस्थांची नोंदणी आणि देखरेख यांसाठी स्वतंत्र नियामक आहे. २००५च्या कायद्याने त्याचे अधिकार निश्चित केले. संस्थेची उद्दिष्टे केवळ धर्मादाय स्वरूपाची आहेत आणि तिच्या कामातून सार्वजनिक हित साधते, या दोन्ही गोष्टी पटल्याशिवाय तो नोंदणी करत नाही. समाजविकास हे अशा उद्दिष्टांपैकी एक आहे, त्यामुळे बेटावरचे दुकान किंवा वीजपुरवठा यांसारखी वरवर व्यापारी वाटणारी कामेही या चौकटीत बसवता येतात. अट एवढीच की त्यातला नफा कोणा व्यक्तीच्या खिशात जाता कामा नये.

२०११पासून तेथे धर्मादाय संस्थेला स्वतःचे कायदेशीर अस्तित्व देणारा एक सोपा प्रकार उपलब्ध झाला आणि छोट्या गावांना त्याचा मोठा आधार मिळाला. त्याआधी कंपनी स्थापन न करता नुसते मंडळ चालवणाऱ्या समितीच्या सदस्यांवर करारांची आणि देण्यांची वैयक्तिक जबाबदारी येऊ शकत असे. छप्पर बसवताना ठेकेदाराशी वाद झाला आणि नुकसानभरपाईची वेळ आली, तर चिटणिसाचे स्वतःचे घर पणाला लागू शकते हे कळल्यावर त्या पदासाठी कोण पुढे येईल? ज्या बेटावर समितीत बसू शकणारी प्रौढ माणसेच वीस-पंचवीस आहेत, तेथे ही भीती दूर होणे रकमेइतकेच मोलाचे असते.

पैसा येतो तरी कुठून? मोठा वाटा राष्ट्रीय लॉटरीतून जमणाऱ्या समाजनिधीचा असतो. खासगी न्यासही आहेत. त्यांपैकी रॉबर्टसन ट्रस्ट हा १९६१ मध्ये तीन बहिणींनी व्हिस्कीच्या व्यवसायातील आपली मालकी दान करून स्थापन केला आणि त्या व्यवसायाचा लाभांश आजही त्याच्या अनुदानांचा आधार आहे. गावांना जमीन विकत घेण्यासाठी स्कॉटिश लँड फंड आहे. त्याचा पैसा सरकार पुरवते आणि साधारणपणे खरेदीच्या खर्चाचा ९५ टक्क्यांपर्यंत भाग तो उचलू शकतो. अलीकडच्या काळात पवनचक्क्यांच्या कंपन्यांकडून मिळणारा पैसाही महत्त्वाचा ठरला आहे. जमिनीवरील पवनऊर्जा प्रकल्पांनी प्रत्येक मेगावॅट क्षमतेमागे वर्षाला ५,००० पौंड स्थानिक समाजाला द्यावेत आणि महागाईनुसार ही रक्कम वाढवावी, असे स्कॉटिश सरकारचे मार्गदर्शन आहे. ते कायद्याने बंधनकारक नाही, तरी रूढ झाले आहे. शेटलंडमधील व्हायकिंग प्रकल्पाची क्षमता ४४३ मेगावॅट आहे, म्हणजे याच दराने वर्षाला २२ लाख पौंडांहून अधिक रक्कम होते. यात एक अन्याय मात्र दडलेला आहे: ज्या बेटाजवळ वारा आणि वीजवाहिनी दोन्ही आहेत त्याला हा पैसा मिळतो, आणि तितकीच गरज असलेल्या दुसऱ्या बेटाला केवळ भूगोलामुळे तो मिळत नाही.

शेटलंडची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण स्थानिक निधी किती दूरवर पुरू शकतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडते. सत्तरच्या दशकात उत्तर समुद्रात तेल सापडले आणि ते किनाऱ्यावर आणण्यासाठी कंपन्यांना सलम व्हो येथील खोल खाडी हवी होती. तेथील स्थानिक प्रशासनाने १९७४ मध्ये ब्रिटिश संसदेकडून स्वतःसाठी खास कायदा मंजूर करून घेतला आणि त्या अधिकारांच्या जोरावर कंपन्यांशी बोलणी केली. बेटांच्या जीवनात येणाऱ्या व्यत्ययाबद्दल कंपन्यांनी भरपाई द्यायची ठरली आणि ती रक्कम रोजच्या खर्चात मिसळू नये म्हणून १९७६ मध्ये एक धर्मादाय न्यास स्थापन झाला. ही भरपाई २००० सालापर्यंत येत राहिली. न्यासाने ती खर्चून टाकली नाही. जगभरच्या बाजारांत गुंतवली आणि त्या गुंतवणुकीच्या जोरावर अनुदाने देण्याची रीत ठेवली. तेलाचा हप्ता थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटला, तरी २३,००० लोकसंख्येच्या शेटलंडमध्ये वृद्धांची सेवा, कला आणि क्रीडा यांना या न्यासाचा आधार आहे. ब्रिटनच्या अगदी उत्तर टोकाला असलेल्या उन्स्ट बेटावर जेमतेम सहाशे माणसे राहतात, आणि त्यांच्यासाठी तेथे पोहण्याचा बंदिस्त तलाव आहे. वादळी आणि अंधाऱ्या हिवाळ्यात मुलांना पोहायला शिकता येते, म्हाताऱ्यांना चार माणसांत येऊन बसता येते. बाजाराच्या कुठल्याही हिशेबात हा तलाव बसला नसता.

अशी पुंजी मात्र एखाद्याच बेटाच्या नशिबी येते. बाकीच्यांना अर्ज करावा लागतो, आणि अर्जाचे नियम बहुतेक वेळा मुख्य भूमीवरच्या गावाकडे पाहून घातलेले असतात. जुन्या सभागृहाचे छप्पर बदलायचे आहे, असे धरून चालू. अनुदान देणारी संस्था तीन ठेकेदारांची दरपत्रके मागते, कारण तिला पैशाचा योग्य मोबदला मिळतो आहे याची खात्री हवी असते. शहराजवळ हे एका आठवड्यात होते. बेटावर मात्र दरपत्रक देण्यासाठी ठेकेदाराला बोटीने यावे लागते, काम मिळण्याची खात्री नसताना एक-दोन दिवस घालवावे लागतात, आणि हवा बिघडून बोट रद्द झाली तर तेथेच अडकून पडावे लागते. त्यामुळे तीनऐवजी एकच जण येतो, आणि त्याच्या दरात बोटीचे भाडे, कामगारांच्या मुक्कामाचा खर्च व खराब हवेत वाया जाणारे दिवस धरलेले असतात. कार्यालयात बसून तो आकडा पाहणाऱ्याला तो फुगवलेला वाटतो. म्हणून बेटाची बाजू जाणणारा अर्जदार दरपत्रकासोबत एक पान जोडून वाहतुकीचा प्रत्येक खर्च वेगळा दाखवतो आणि तिसरे दरपत्रक का मिळू शकले नाही, हे आधीच लिहून देतो.

कराचा मुद्दा याहून किचकट आहे. धर्मादाय संस्थेने गावासाठी नवे सभागृह बांधले, तर ठरावीक अटींवर त्या बांधकामाला व्हॅटमधून, म्हणजे वस्तू-सेवांच्या खरेदीवरील करातून, शून्य दराची सवलत मिळते. पण असलेले सभागृह दुरुस्त करायला घेतले, तर सहसा पूर्ण २० टक्के व्हॅट भरावा लागतो आणि व्हॅटसाठी नोंदणी नसलेल्या छोट्या संस्थेला तो परतही मिळत नाही. एक लाख पौंडांच्या दुरुस्तीसाठी एक लाखाचेच अनुदान मागितले, तर वीस हजारांचा खड्डा पहिल्याच दिवशी पडतो. दगडी, भक्कम जुनी इमारत राखू पाहणाऱ्यांना ही व्यवस्था दंड करते, आणि ती बदलायला हवी असे मला ठामपणे वाटते. तोवर अर्ज लिहिणाऱ्याने कराची रक्कम वेगळ्या ओळीत दाखवावी, हे बरे.

त्यात पैसे हातात पडण्याची वेळही उलटी असते. अनेक अनुदाने खर्च झाल्यानंतर, बिले आणि पावत्या पाहून दिली जातात. संस्थेच्या खात्यात चार हजार पौंड असतील आणि ठेकेदाराचा पहिला हप्ता तीस हजारांचा असेल, तर मधल्या दोन-तीन महिन्यांसाठी कर्ज काढावे लागते. त्या कर्जाचे व्याज अनुदानात बहुधा धरलेले नसते. त्यामुळे मंजुरीपत्रातील रकमेच्या आकड्याआधी पैसे कोणत्या टप्प्यावर मिळणार, ही ओळ वाचावी. काही निधीसंस्था विनंती केल्यास काही रक्कम आगाऊ देतात. न विचारणाऱ्यांना ती मिळत नाही.

मोठे काम एकाच संस्थेच्या पैशावर होत नाही, म्हणून प्रत्येक जण ‘उरलेला पैसा कोण देणार’ असे विचारतो. पहिला देणारा दुसऱ्याच्या होकाराची वाट पाहतो आणि दुसरा पहिल्याच्या. दोघांच्या मुदती वेगळ्या, अर्जाचे नमुने वेगळे आणि अहवालांच्या तारखाही वेगळ्या असतात. फेअर आयल या बेटावर २०१८ मध्ये चोवीस तास वीज आली, तेव्हा तेथे पन्नास-साठ माणसे राहत होती. त्याआधी वारा नसला की रात्री वीजपुरवठा बंद होत असे. तीन पवनचक्क्या, सौरपट्ट्या आणि बॅटऱ्या मिळून सुमारे ३५ लाख पौंडांचे हे काम सरकारी योजना, लॉटरी निधी, विकास संस्था, कौन्सिल (म्हणजे स्थानिक प्रशासन) अशा अनेकांनी वाटून उचलले. एवढ्या देणाऱ्यांना एका धाग्यात ओवण्याचे काम मूठभर रहिवाशांनी केले, आणि हे करताना त्यांच्यापैकी जवळपास प्रत्येक जण आपापले दोन-तीन व्यवसाय सांभाळत असणार, हे बेटावरचे जगणे माहीत असलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. अर्ज लिहिणाऱ्याचा वेळ कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. छोट्या बेटावर सर्वांत आधी संपणारी गोष्ट मात्र तीच असते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. धर्मादाय हिशेबात पैशाचे दोन कप्पे असतात. ठरावीक कामासाठी मिळालेला पैसा त्याच कामावर खर्च करावा लागतो. तो राखीव कप्पा. सदस्यांची वर्गणी, जत्रेतून जमलेला निधी, भाडे असा जो पैसा अटीविना येतो, तो मोकळा कप्पा. राखीव कप्प्यात दोन लाख पौंड असताना विम्याचा हप्ता भरायला मोकळ्या कप्प्यात दोनशेही नाहीत, ही अवस्था मुळीच दुर्मीळ नाही, आणि एकातून दुसऱ्यात परस्पर पैसा वळवणे हा नियमभंग ठरतो. त्यात बहुतेक देणाऱ्यांना बांधकामासाठी पैसा द्यायला आवडते, कारण इमारत दिसते, मोजता येते आणि एकदाच खर्च करून मोकळे होता येते. पगार, वीजबिल, दुरुस्ती यांसाठी पैसा द्यायला ते कचरतात. परिणामी गावाकडे सुंदर इमारत येते आणि तिच्याबरोबर दरवर्षीचा नवा खर्चही येतो.

हा पेच काही बेटांनी कसा सोडवला, ते पाहण्याजोगे आहे. एग बेटावरच्या रहिवाशांनी वन्यजीव संस्था आणि हायलँड कौन्सिल यांच्यासोबत न्यास स्थापून १२ जून १९९७ रोजी आपले बेट सुमारे १५ लाख पौंडांना विकत घेतले. त्या वेळी तेथे साठ-पासष्ट माणसे होती. यातला मोठा हिस्सा नाव गुप्त ठेवणाऱ्या एका देणगीदाराने दिला आणि उरलेला हजारो सामान्य लोकांच्या देणग्यांतून जमला. त्यांनी पहिल्या कामांतच धक्क्याजवळ दुकान आणि चहाची जागा असलेली इमारत उभी केली. म्हणजे भाडे मिळेल आणि बोटीतून उतरणारा प्रत्येक प्रवासी जेथून जाईल, असे ठिकाण निवडले. पुढे १ फेब्रुवारी २००८ रोजी जलविद्युत, वारा आणि सूर्यप्रकाश यांवर चालणारी बेटाची स्वतःची वीजव्यवस्था सुरू झाली. तोवर घरोघरी डिझेलचे जनित्र धडधडत असे. नव्या व्यवस्थेत प्रत्येक घराला एका वेळी ५ किलोवॅट आणि व्यवसायाला १० किलोवॅट अशी मर्यादा घातली गेली. किटली, धुलाईयंत्र आणि हीटर एकदम लावले तर पुरवठा आपोआप तुटतो, आणि मग देखभाल करणाऱ्या शेजाऱ्याला बोलावून, शुल्क भरून तो पुन्हा जोडून घ्यावा लागतो. उत्पादन जास्त झाले की उरलेली वीज सभागृहासारख्या सामायिक इमारती उबदार ठेवायला वापरली जाते. या व्यवस्थेची उभारणी अनुदानांतून झाली, पण ती चालते वीजबिलांतून, आणि देखभालीचे प्रशिक्षण बेटावरच्याच माणसांना दिलेले असल्यामुळे बिघाड झाला की मुख्य भूमीवरून तंत्रज्ञाची वाट पाहत बसावे लागत नाही.

गिगा बेटाने आणखी वेगळी वाट धरली. २००२ मध्ये रहिवाशांनी सुमारे ४० लाख पौंडांना बेट घेतले, तेव्हा त्यातले दहा लाख दोन वर्षांत परत करायचे होते. बेटावरचा मोठा वाडा विकून आणि वर्गणी गोळा करून त्यांनी ते फेडले. त्यानंतर वापरलेल्या तीन पवनचक्क्या विकत घेऊन बसवल्या. नव्या चक्क्या परवडल्या नसत्या. जुन्यांसाठी अनुदान, कर्ज आणि भागभांडवल यांची मोट बांधता आली. वीज मुख्य जाळ्याला विकून आलेल्या उत्पन्नातून आधी कर्ज फेडायचे आणि उरलेले गावाच्या कामाला लावायचे, असे ठरले, आणि त्या काळात तेथील बहुतेक घरांची अवस्था इतकी वाईट होती की घरदुरुस्तीला पहिला मान देणे भागच होते. घरे राहण्याजोगी झाली, तशी शंभराच्या आत आलेली लोकसंख्या पुन्हा दीडशेच्या पुढे गेली.

ज्या गावांकडे अजून उत्पन्नाचे साधन नाही, त्यांना मोठ्या अनुदानाचे ओझे किती असते, हे उल्वा बेटाकडे पाहिले की लक्षात येते. शेजारच्या मल बेटावरील सामुदायिक संस्थेने २०१८ मध्ये ते घेतले, ४६.५ लाख पौंडांपैकी सुमारे ४४ लाख स्कॉटिश लँड फंडाने दिले, आणि तेव्हा उल्वावर पाच-सहाच माणसे राहत होती. जमीन हाती आली, पण घरे दुरुस्त करून तेथे कुटुंबे आणल्याशिवाय ती राखणार कोण? म्हणून खरेदीनंतरच्या कामांसाठी नव्याने अर्ज करत राहणे क्रमप्राप्त ठरले. जमीन खरेदीच्या अनुदानातच पुढच्या काही वर्षांच्या कर्मचाऱ्याचा पगार धरण्याची मुभा मिळते, तेव्हा असे गाव तरून जाण्याची शक्यता पुष्कळ वाढते, आणि ही मुभा सर्वच निधीसंस्थांनी द्यायला हवी.

एक नाजूक विषय टाळता येणार नाही. छोट्या बेटावर अनुदान देणारा, घेणारा आणि काम करणारा हे सर्व एकमेकांचे शेजारी, बहुधा नातलग असतात. हितसंबंधांचा प्रश्न मोठ्या निधीलाही चुकत नाही. शेटलंडच्या न्यासावर प्रदीर्घ काळ जवळजवळ सर्व विश्वस्त हे स्थानिक कौन्सिलचे सदस्यच होते. पुढे न्यासाची ज्या पवनऊर्जा प्रकल्पात भागीदारी होती, त्याचाच विषय कौन्सिलपुढे आला, तेव्हा एकाच माणसाने दोन टोप्या घालून निर्णय कसा घ्यायचा, हा प्रश्न तीव्र झाला. नियामकाच्या आग्रहानंतर न्यासाची रचना बदलून त्यात स्वतंत्र विश्वस्तांना बहुमत देण्यात आले. चाळीस माणसांच्या बेटावर मात्र ‘स्वतंत्र’ माणूस आणायचा कुठून? तेथे नाते नाकारण्याऐवजी ते मांडणे हाच मार्ग उरतो. बैठकीच्या सुरुवातीला ‘ठेकेदार माझा भाऊ आहे’ असे सांगून त्या मुद्द्यापुरते बाहेर जाणे, ते इतिवृत्तात नोंदवणे आणि इतिवृत्त दुकानाबाहेरच्या फलकावर लावणे. शक्य असेल तर शेजारच्या बेटावरचा एखादा विश्वस्त समितीत घ्यावा. हे औपचारिक वाटेल, पण पैशावरून मन दुखावलेल्या शेजाऱ्याला टाळण्यासाठी तेथे दुसरी गल्ली नसते, आणि अशा एका भांडणाने पुढची दहा वर्षे कोणी समितीत येत नाही.

अनुदानाच्या करारावर सही करण्याआधी समितीने एक कागद करावा, आणि देणाऱ्यानेही तो मागावा: काम पूर्ण झाल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांचा सालवार खर्च आणि उत्पन्न. त्यात विमा, वीज, अग्निसुरक्षेची तपासणी, साफसफाई, दरवर्षी हिशेब त्रयस्थाकडून तपासून घेण्याचा खर्च धरावा; स्कॉटलंडमध्ये लहानातल्या लहान नोंदणीकृत धर्मादाय संस्थेलाही ही तपासणी चुकत नाही. खाऱ्या वाऱ्याने लोखंड लवकर गंजते, म्हणून रंगरंगोटीची ओळ मुख्य भूमीवरच्या अंदाजापेक्षा मोठी असावी. समोरच्या रकान्यात भाडे, कार्यक्रम, पर्यटकांचा चहा, पवनचक्कीचा वाटा, जे खरोखर मिळणार आहे तेवढेच लिहावे. दोन्ही रकान्यांचा मेळ बसत नसेल, तर त्याच वेळी लहान इमारतीसाठी किंवा इमारतीऐवजी दोन वर्षांच्या अर्धवेळ पगारासाठी अर्ज बदलून घेता येतो. पाया खणल्यानंतर ती सोय राहत नाही.